अंतर आणि ओळख

खराडीस आमच्या पुतण्याचें बिऱ्हाड आठव्या मजल्यावर आहे. लोहगांवच्या तळावरचीं सुखोई विमानें तेथून स्पष्ट दिसतात. त्यांच्या आवाजानें बोलणें मध्येंच थांबवावें लागतें. गेल्या रविवारीं आम्ही गेलों, तेव्हां तो स्वतःच संगणकावर विमानें पाडीत बसला होता. खेळ म्हणावा, तर त्यांत स्फोट नाहीं, धूर नाहीं. एस-७५ या सोव्हिएत क्षेपणास्त्राच्या नियंत्रण-कक्षाची ती काटेकोर नक्कल होती.

शत्रूचें विमान रेडिओलहरींचा गोंगाट सोडूं लागलें, कीं पडद्यावर ठिपका न उमटतां उजेडाचा जाड पट्टा दिसतो. विमानाची दिशा व उंचीचा कोन त्या पट्ट्यावरून कळतो. मात्र तें वीस किलोमीटरांवर आहे कीं चाळीस, हें कळत नाहीं. अशा वेळीं अंतराचा नाद सोडावयाचा, आणि रडार, क्षेपणास्त्र व लक्ष्य हीं तिन्ही एका रेषेंत ठेवीत क्षेपणास्त्र पुढें न्यावयाचें. ज्या गोंगाटाआड लपावयाचें, त्यानेंच माग लागतो, याचें पुतण्यास मोठें कौतुक. खरें सांगावयाचें तर क्षणभर आम्हांसहि तें वाटलें.

आम्हीं विचारलें, "हें विमान शत्रूचेंच, हें तुला कुणीं सांगितलें?"

"काका, इथं दुसरं कोण असणार?"

अपुऱ्या ज्ञानावर कृति करणें हा दोष नव्हे. वैद्य, न्यायाधीश, मुलीचें लग्न जमविणारा बाप, सारे तेंच करतात. परंतु 'किती दूर' हें ठाऊक नसल्यास युक्ति चालते. 'कोण' हें ठाऊक नसल्यास ती कामास येत नाहीं. ही नक्कल पहिल्या अज्ञानाशीं झुंजावयास शिकविते आणि दुसरें नाहींच, असें गृहीत धरते.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजीं श्रीनगरनजीक बडगाम येथें आपल्याच हवाईदलाच्या क्षेपणास्त्रानें आपलेंच एम-आय-१७ हेलिकॉप्टर पाडलें. आंतील सहाहि जण व जमिनीवरचा एक नागरिक मरण पावला. त्या सहांत नाशिकचा एक तरुण स्क्वाड्रन लीडर होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत हवाईदलाच्या प्रमुखांनीं ही मोठी चूक असल्याचें उघड मान्य केलें. तेथें गोंगाट नव्हता; ओळख देणारें यंत्र बंद होतें, असें चौकशीच्या बातम्यांत आलें. म्हणजे गोंगाट केला तरी वैरी, आणि गप्प राहिला तरीहि वैरीच!

पुतण्या म्हणाला, "पण थांबलों आणि तें खरंच बॉम्बफेकी विमान निघालं, तर खालच्या गावाचं काय?"

हा प्रश्न पोरकट नव्हे. थांबण्याचीहि किंमत असते, आणि ती बहुधा थांबणाऱ्यास द्यावी लागत नाहीं. तरी ज्या सरावांत हात आवरण्याचा प्रसंग एकदांहि येत नाहीं, तो आम्हांस अर्धाच वाटतो. नकलेंत एखादें प्रवासी विमान घालून पाहा, असें आम्हीं सुचविलें.

तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तसं केलं तर बटण दाबायला हात धजणार नाहीं, काका."