तहानलेल्यावर नेम

मे महिन्यात नागझिऱ्याच्या रानातले ओढे आटतात आणि जनावरांचा सगळा संसार मोजक्या पाणवठ्यांभोवती गोळा होतो. चौशिंगा तर पाण्यापासून फार लांब राहूच शकत नाही. नराला चार शिंगं असलेला हा लहानखुरा, बुजरा कुरंग एकटा-दुकटा येतो, दहादा थबकतो, पण येतो.

जुन्या शिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पाण्याकाठच्या झाडावर मचाण बांधायचं, नाहीतर जमिनीवर फांद्यांचं लपण करायचं. वारा सांभाळायचा, विडी पेटवायची नाही, खोकला गिळायचा. बाकीचं काम तहान करायची.

लपून मारण्यात दोष आहे का? वाल्मीकींच्या रामायणात मरणारा वाली रामाला नेमकं हेच विचारतो. रामाच्या उत्तरात एक युक्तिवाद शिकारीचा आहे: माणसं जाळी आणि फास लावून, कधी उघडपणे तर कधी दडून मृग मारतात, धर्म जाणणारे राजर्षीही मृगयेला जातात, आणि वाली तर शाखामृग. महाभारतात हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीला बाण मारल्यावर पंडूही राजांच्या याच रिवाजाचा आधार घेतो. किंदमाला शिकारीचं वावडं नाही; मीलनाच्या क्षणी मारलंस, हा त्याचा आक्षेप. म्हणजे मारावं की नाही यापेक्षा कोणत्या क्षणी मारावं, हा प्रश्न त्याला मोठा वाटतो.

मराठी घरांत या वादाला वेगळं वळण मिळालं ते श्रीधरांच्या १७१८ सालच्या ‘शिवलीलामृता’तून. दुसऱ्या अध्यायातला व्याध पाण्याकाठी बेलाच्या झाडावर बसतो. हे सरळसरळ मचाणच! हरिणी येते, तो बाण जोडतो, आणि ती बोलू लागते. परत येईन म्हणून एकेका पापाचं नाव घेत शपथ वाहते. खाली शिवलिंगावर बेलाची पानं पडली, उपास घडला, म्हणून व्याध उद्धरला, असं कीर्तनात सांगतात. पण त्याआधी एक साधी गोष्ट घडलेली असते. हरिणीने त्याला पाहिलेलं असतं. तिच्याशी बोलायचं तर लपून राहता येत नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली काळवीट आणि चौशिंग्याची शिकार बंद झाली. तरी मचाणं राहिलीच. धानाच्या बांधावर रात्रीची जागल करणाऱ्याला रोही आणि रानडुकरं दिसतात. त्याच्यापुढे कोणी पुराण उघडू नये, त्याचं वर्षाचं पोट तिथे उभं असतं. जंगलात मात्र मचाणाचं काम बदललं. व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा नाद होता. ‘नागझिरा’ लिहिणारे माडगूळकर या रानात राहिले ते जनावरं नुसती पाहायला. आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री हौशी मंडळी वनखात्याच्या परवानगीने पाणवठ्यावर बसून आलेलं जनावर कागदावर टिपतात.

बंदूक गेली, लपणं उरलं. समोरच्याला कळू न देता त्याची तहान पाहत बसणं अगदी निर्दोष आहे, असं छातीठोकपणे म्हणवत नाही. खोकला आजही गिळावाच लागतो. आणि अंधार पडल्यावर, पूर्वेला चंद्र वर येत असताना, पश्चिमेच्या झाडांमागे व्याधाचा तारा मावळत असतो. त्याच्या आधीच मृग खाली गेलेला असतो.