रस्त्यात खेळणारी मुले



पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला आम्ही धर्मगुरू घरोघर जातो. या वेळी यादीत एका आजींचे नाव नव्याने आले होते. घर चर्चपासून अगदी हाकेच्या अंतरावर. गेलो तर आजी अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या. मी म्हटले, "आजी, तुम्ही तर ठणठणीत दिसता." त्या म्हणाल्या, "फादर, मला काय धाड भरली आहे? मिस्साची घंटा इथे ऐकू येते. पण मधला रस्ता ओलांडवत नाही. दोनदा मोटारसायकलवाल्याने पाडता पाडता सोडले. मग सूनबाईने माझे नाव आजाऱ्यांत घातले."

परत येताना मला जखऱ्या संदेष्टा आठवला. बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले होते, यरुशलेम उद्ध्वस्त पडले होते, मंदिराचे काम अर्धवट होते. अशा वेळी परमेश्वराने शहराच्या सुखाचे जे चित्र संदेष्ट्याला दाखवले (अध्याय ८, ओवी ४ व ५), त्यात उंच बुरूज नाहीत, सोन्याचे कळस नाहीत. हातात काठी घेतलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या रस्त्यांच्या कडेला बसल्या आहेत आणि रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरले आहेत, एवढेच. देवाने शहर वसले की नाही हे ओळखायची खूण सांगितली ती अशी. आपल्या चर्चसमोरच्या रस्त्याला ही खूण लावून पाहा. काठीवाली आजी घरात आहे, आणि मुलांना आपणच ओरडतो, "रस्त्यावर जाऊ नको."

प्रभू येशूचे निम्मे कार्य रस्त्यावर घडले. यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडला तेव्हा लोक त्याला दटावत होते, पण येशू थांबला. तो पायी चालत होता म्हणून हाक त्याच्या कानी पडली, हेही लक्षात घ्या. गाडीच्या काचा वर असत्या तर बार्तीमय मागे राहिला असता. हे मी कोणाला टोचून बोलत नाही, माझ्याकडेही गाडी आहे.

डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाच्या एका प्राध्यापकांनी १९६९ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात तीन रस्त्यांची पाहणी केली. तिन्ही रस्ते बरेचसे सारखे, फरक वाहनांचा. एकावरून दिवसाला सुमारे २ हजार गाड्या जात, दुसऱ्यावरून ८ हजार आणि तिसऱ्यावरून १६ हजार. पहिल्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच गल्लीत सरासरी तीन मित्र होते, तिसऱ्या रस्त्यावरच्या माणसाला एकही पुरा नव्हता. 'तुमचे घर कुठपर्यंत?' असे विचारल्यावर शांत रस्त्यावरच्या लोकांनी अख्खी गल्ली दाखवली, गर्दीच्या रस्त्यावरच्यांनी आपल्या इमारतीपलीकडे बोट नेले नाही. शेजाऱ्यावर प्रीती करा असे आम्ही वेदीवरून सांगतो. पण शेजारी भेटायला हवा ना! पुढे १९८२ साली अथेन्समध्ये हेच प्राध्यापक भरधाव गाडीखाली सापडून मरण पावले.

आपल्या वाडवडिलांना हे पुस्तकात वाचावे लागले नाही. मुंबईच्या गावठाणांत १८९६ च्या प्लेगच्या वेळी लोकांनी जागोजागी क्रूस उभारले, ते गल्लीच्या तोंडाशी, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. आपल्याकडेही मे महिन्यात क्रूसापाशी संध्याकाळी रोझरी होते. रोझरीनंतर चणे वाटायचे, मुले पळापळी खेळायची, बायका ओट्यावर बसून लग्नेही जमवायच्या. आता रोझरी चालू असताना दोन माणसे हात दाखवून गाड्या थांबवत उभी असतात. त्यांची रोझरी होतच नाही.

कोलंबिया देशातील बोगोटा हे कॅथलिक बहुसंख्येचे मोठे शहर. तिथे डिसेंबर १९७४ मध्ये काही सायकलप्रेमींनी थोडे रस्ते काही तासांसाठी गाड्यांविना मिळवले. आज दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत तिथे शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते मोटारींना बंद असतात. आजोबा चालतात, मुले सायकल शिकतात, चौकात व्यायामाचे वर्ग भरतात, फळवाले बसतात. श्रीमंत वस्तीतला आणि झोपडीतला एकाच रस्त्यावर घाम गाळतो. आपल्याकडेही २०१४ च्या नोव्हेंबरपासून काही काळ वांद्रे-सांताक्रूझ भागात रविवारी सकाळी असा प्रयोग झाला, आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस पायी चालणाऱ्यांना दिला गेला. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात एक-दोन माणसांसाठी धावणाऱ्या मोटारी आणि त्यांच्या पार्किंगने व्यापलेल्या शहराबद्दल काळजी व्यक्त केली होती.

आता माझी कबुली. मी या धर्मग्रामात आलो तेव्हा फाटकाजवळ चिंचेखाली दगडी ओटा होता. मिस्सा झाल्यावर मंडळी तिथे अर्धा तास टेकायची. गाड्यांना जागा हवी अशी मागणी आली आणि मी तो ओटा काढून टाकला. चौदा गाड्यांची सोय झाली. त्यानंतर मिस्सा संपल्यावर दहा मिनिटांत आवार रिकामे होऊ लागले. मला वाटायचे, भक्ती कमी झाली. भक्तीचे काही बिघडले नव्हते, बसायची जागा गेली होती.

पाळकीय परिषदेत गेल्या रविवारी यावर बरीच ओढाताण झाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहा ते दहा आपली चर्चची गल्ली गाड्यांना बंद ठेवावी, असा विचार आहे. पालिका आणि वाहतूक पोलीस यांना अर्ज दिला आहे, परवानगी आल्यावरच सुरुवात होईल. दुकानदार बंधूंचा आक्षेप रास्त आहे, म्हणून मालाच्या टेम्पोला साडेसहापूर्वी मुभा राहील. गुडघे दुखणाऱ्यांना रिक्षा थेट फाटकापर्यंत आणता येईल. बाकीच्यांनी, धट्टेकट्टे असाल तर, मैदानापासून चालत या. गल्लीत इतर धर्मांचे शेजारीही राहतात. त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन आलो. एका काकांनी कॅरम बोर्ड देऊ केला आहे.

ओटा पुन्हा बांधायचा आहे. जुने दगड मागच्या भिंतीला लावून ठेवले आहेत. गवंडीकाम जाणणाऱ्या बांधवांनी मिस्सानंतर मला भेटावे. आणि त्या आजींना रस्ता ओलांडून आणायला युवकांपैकी दोघे हवे आहेत, पुढच्या रविवारपासून, सकाळी सव्वासहाला.