सोंग घेणाऱ्याचे सत्य

रामाचे काम करणारा नट रंगमंचावर कोण असतो? राम, रामाची नक्कल करणारा माणूस, की या दोहोंहून वेगळा कुणी? नाट्यशिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी गाठतो आणि तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत संपत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा एक नाट्यप्रयोग बंद पाडण्यात आला. रामलीलेत काम करणारे नट पडद्यामागे कसे वागतात-बोलतात, हा त्या नाटकाचा विषय होता. सीतेचे काम करणारा नट सिगारेट ओढताना आणि शिवराळ बोलताना दाखवला, असा आक्षेप घेतला गेला. विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना अटक झाली, नंतर जामीन मिळाला. पुढची सगळी चर्चा अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि धार्मिक भावना या दोन टोकांत फिरत राहिली. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न तसाच राहिला : सोंग घेणे म्हणजे नेमके काय करणे, आणि ते विद्यापीठात का शिकवावे? माझे म्हणणे असे आहे की, आपण आणि आपली भूमिका यांतले अंतर ओळखणे व सांभाळणे हे मुळात नीतीचे शिक्षण आहे. आपल्या धार्मिक परंपरेनेही या अंतराचा आधार घेतलेला आहे, आणि म्हणूनच नाट्यविभाग विद्यापीठात केवळ सोयीने नव्हे, हक्काने असायला हवा.

याविरुद्धचा सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आक्षेप प्लेटोचा. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात तो सांगतो की, नगराच्या रक्षकांनी हीन माणसांची सोंगे घेऊ नयेत, लहानपणापासून केलेली नक्कल अंगवळणी पडते आणि अखेर स्वभाव बनते. दहाव्या भागात तो आणखी पुढे जातो : कलावंताची निर्मिती सत्यापासून दोन पायऱ्या दूर, नकलेची नक्कल असते. आपल्याकडेही नटाकडे पाहण्याची दृष्टी फार उदार नव्हती. मनुस्मृतीने ज्यांचे अन्न वर्ज्य मानले त्यांत नटही आहे. हे सगळे जुनाट म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, पण त्यात तथ्याचा अंश आहे. जे रोज करावे ते अंगात मुरते, हे कुठलाही शिक्षक नाकारणार नाही. क्रूर माणसाची भूमिका महिनोन्‌महिने करणाऱ्याच्या मनावर तिचा काहीच परिणाम होत नाही, असा दावा करता येणार नाही. तेव्हा नाट्यशिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्याने हे आधी दाखवले पाहिजे की, सोंग घेणे आणि खोटे वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खोटे बोलणाऱ्याचा सारा आटापिटा खोटेपणा लपवण्यासाठी असतो. नाटक मात्र आपण नाटक आहोत हे आधी जाहीर करते आणि मग सुरू होते. संस्कृत नाटकातला सूत्रधार नटीशी बोलतो, आज कोणते नाटक करायचे ते सांगतो, आणि मगच राजा रंगभूमीवर येतो. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत तर सूत्रधार नटीच्या गाण्याने इतका हरवतो की, आज कोणता प्रयोग आहे हेच विसरतो आणि नटीला आठवण करून द्यावी लागते. दुष्यंत दिसण्याआधी प्रेक्षकाला नटमंडळी दिसतात ती अशी. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने हा विचार फार खोलवर नेला. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रावरची त्याची ‘अभिनवभारती’ ही टीका १९२६पासून बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापून येऊ लागली, आणि आधुनिक अभ्यासकांना एक मोठा वाद पुन्हा हाती आला. त्याच्या आधीचा शंकुक म्हणत असे की, चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो तसे नटाला राम म्हणतो. रस हे अनुकरणच आहे. अभिनवगुप्ताचा त्यावर रोखठोक सवाल आहे : रामाला पाहिले आहे कुणी? नटाने नाही, प्रेक्षकानेही नाही. मूळच ठाऊक नसेल तर नक्कल कशाची? फार तर अश्रूंची नक्कल होईल, शोकाची होणार नाही. त्याच्या मते रंगमंचावर जे घडते त्यात हा शोक माझा, हा शत्रूचा, हा तिऱ्हाइताचा, असा भेद गळून पडतो आणि भावना सर्वांच्या अनुभवाला खुली होते. प्लेटोने ज्याला सत्यापासूनचे पतन मानले, तिथे अभिनवगुप्ताला स्वतःच्या कोंडीतून झालेली सुटका दिसते.

हे केवळ पंडितांचे मत असते तर त्याचा एवढा भरवसा धरता आला नसता. पण लोकांच्या धर्माचरणातही हीच जाण दिसते. सिंधुदुर्गात देवळाच्या जत्रेत होणारा दशावतार पाहावा. सुरुवातीला गणपती येतो, भटजी येतो, आणि मग काळ्या वेशातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो. तो मालवणीत वाटेल ते बोलतो, भटजीची फिरकी घेतो, गावातल्या गोष्टींवरून लोकांना हसवतो. हे देवासमोर, देवाच्या जत्रेत, देवाची सेवा म्हणून चालते. तमाशाच्या गौळणीत मावशी प्रत्यक्ष कृष्णाची थट्टा करते, आणि त्यामुळे कृष्णावरची भक्ती उणी होते असे कुणाला वाटत नाही. एकनाथांनी भारुडांमध्ये जोशी, गारुडी, महार अशी कितीतरी सोंगे घेतली. पैठणच्या ब्राह्मणाने समाजाने खालचा मानलेल्याच्या तोंडून अध्यात्म बोलावे, यासाठी त्यांना सोंगाइतके समर्थ साधन दुसरे सापडले नसावे. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत मुकुट चढवलेल्या मुलाची भाविक आरती करतात. मुकुट उतरला की तो पुन्हा कुणाचा तरी मुलगा असतो. भाविकांना दोन्ही गोष्टी ठाऊक असतात आणि दोन्हींसह त्यांची श्रद्धा टिकते.

नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय या दृष्टीने लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. पहिल्या समजल्या जाणाऱ्या प्रयोगाचा विषय होता देवांचा विजय आणि दैत्यांचा पराभव. प्रेक्षकांत दैत्यही होते. त्यांना ते सहन झाले नाही. विघ्नांना हाताशी धरून त्यांनी नटांची वाणी, हालचाल, स्मृती सारे काही जखडून टाकले. इंद्राने ध्वजदंडाने विघ्नांना झोडपले, तरी उरलेले नटांना धमकावत राहिलेच. मग ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेतले आणि त्याच्या रक्षणासाठी जागोजागी देवता नेमल्या. कथा इथेच थांबली असती तर ती बंदोबस्ताची कथा झाली असती. पण देवांनीच ब्रह्मदेवाला सुचवले की, विघ्ने करणाऱ्यांशी सामोपचाराने बोलावे. विरूपाक्षाने आपले गाऱ्हाणे मांडले : देवांच्या इच्छेने केलेल्या या नाट्यात आमचा अपमान झाला, आणि तुम्ही तर दोघांचेही निर्माते. ब्रह्मदेव त्याला मूर्ख ठरवत नाही. तो समजावतो की, नाट्य एकट्या देवांचे नाही आणि एकट्या दैत्यांचेही नाही. तिन्ही लोकांतल्या भावांना त्यात जागा आहे. दुखावलेल्याला उत्तर मिळाले, पण प्रयोग बंद झाला नाही, हे दोन्ही एकाच कथेत येते. नाट्यगृहाला भिंती हव्यात आणि संवादही हवा, एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

यावर कुणी म्हणेल, मग नटाला काहीही करायची मोकळीक आहे का? त्याच ग्रंथाच्या अखेरच्या भागात याचे उत्तर आहे. भरताच्या मुलांनी कलेच्या मदाने ऋषींची विटंबना करणारे प्रयोग केले आणि ऋषींनी त्यांना शाप दिला, अशी कथा तिथे येते. शापाचे स्वरूप त्या काळच्या वर्णव्यवस्थेचे आहे आणि ते आज कुणीही स्वीकारू नये. पण नाट्याला वेदाचा दर्जा देणारा ग्रंथ नटाच्या चुकीचीही नोंद ठेवतो, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. देवाच्या भूमिकेतल्या माणसाची माणूस म्हणून दुर्बलता दाखवणे आणि कुणाला हीन ठरवण्यासाठी त्याचे सोंग आणणे यांत फरक आहे, आणि तो हुकुमाने ठरत नाही. या हसण्यात कोण कोणाला हसते आहे, हे प्रत्येक प्रसंगात तपासावे लागते. अशा तपासणीची सवय लावणे हेच नाट्यशिक्षकाचे काम आहे. विद्यार्थ्याचा प्रयोग चुकीचा वाटला तर त्यावर वर्गात, प्रयोगानंतरच्या चर्चेत, वृत्तपत्रात कठोर टीका व्हावी. पोलीस ठाण्यात ती तपासणी होऊ शकत नाही.

भूमिका आणि माणूस यांतले अंतर पुसले की काय होते, याचा मराठी रंगभूमीवरचा सर्वांत भेदक पुरावा म्हणजे विजय तेंडुलकरांचे १९६७ सालचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. एक हौशी नाटकमंडळी प्रयोगाआधी वेळ घालवण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडते. लीला बेणारे आरोपी, आरोप भ्रूणहत्येचा. काशीकर कान कोरत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतात, सुखात्मे वकिलाचा झगा चढवतात, गावचा साधा सामंत साक्ष काय द्यायची ते कळेना म्हणून हातातल्या कादंबरीतला मजकूर वाचतो, आणि खेळ कधी खरा होतो ते कळत नाही. प्लेटोला आपले म्हणणे सिद्ध झाले असे वाटावे, असा हा प्रसंग आहे. पण बारकाईने पाहिले तर तिथे कुणीच दुसऱ्याच्या जागी उभे राहिलेले नाही. प्रत्येकाने झग्याआडून आपलाच आकस बाहेर काढला आणि शेवटी हा तर खेळ होता म्हणून अंग काढून घेतले. क्रौर्य जन्मले ते सोंगाच्या आडोशाने स्वतःलाच मोकळे सोडल्यामुळे. आता नाट्यविभागातला विद्यार्थी हेच नाटक करतो तेव्हा काय घडते ते पाहा. त्याला सुखात्म्यांना वाईट माणूस म्हणून सोडून देता येत नाही. हरत आलेल्या या वकिलाला बेणारेचा पराभव का हवा आहे, हे वाक्यावाक्यातून शोधावे लागते. पुढच्या तालमीत बेणारेच्या जागी उभे राहिले की तेच वाक्य अंगावर कसे येते, हेही कळते. प्लेटोला भीती होती ती विचार न करता केलेल्या सवयीची. तालीम ही त्या सवयीला दर वाक्याला प्रश्न विचारण्याची पद्धत आहे.

शेवटचा आक्षेप व्यावहारिक आहे. बालगंधर्व कोणत्या विद्यापीठात शिकले? निळू फुले सेवादलाच्या कलापथकातून आले. दशावतारी कलावंत दिवसा शेती करून रात्री राजा होतात. मग पदवीचे काय काम? हा आक्षेप पदवीपुरता खराच आहे. पदवीने नट घडत नाही. पण नाटक कंपन्यांमध्येही तालीम होती, शिस्त होती, वडीलधाऱ्यांची नजर होती. शिक्षण तिथेही होतेच. विद्यापीठ त्यात तीन गोष्टींची भर घालते. तिकीटबारीचा धाक नसल्याने फसण्याची मुभा मिळते. रूप, जात, बोली पाहून जी भूमिका बाहेर कधी मिळाली नसती ती करावी लागते. आणि भरत, स्तानिस्लावस्की, ब्रेख्त, तमाशा, दशावतार एका छताखाली आल्यामुळे आपली रीत हीच एकमेव रीत, हा भ्रम टिकत नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना १९५९ साली झाली, पुढे अनेक विद्यापीठांनी नाट्यविभाग काढले, तेव्हा कलावंत घडवण्याचा हेतू असणारच. पण यांतले बहुसंख्य विद्यार्थी नामवंत नट होणार नाहीत, हे मान्य करूनही हे विभाग टिकायला हवेत.

कारण जे शिक्षण तिथे मिळते त्याची गरज नटापुरती नाही. न्यायाधीशाला आरोपीच्या जागी, शिक्षकाला नापास झालेल्या मुलाच्या जागी, श्रद्धाळूला अश्रद्धाच्या जागी आणि अश्रद्धाला श्रद्धाळूच्या जागी काही क्षण उभे राहता आले पाहिजे, आणि तिथून आपल्या जागी परतताही आले पाहिजे. परतता न येणे हा उन्माद, आणि जाताच न येणे हा निष्ठुरपणा. धर्माने ही ये-जा उत्सवात जपली. आज ती अभ्यासाने जपायची जबाबदारी विद्यापीठावर आहे. म्हणून ज्या नाट्यविभागात वादग्रस्त प्रयोग होतात, त्याला कुलूप लावण्यापेक्षा तिथल्या तालमीला अधिक वेळ, अधिक चर्चा आणि पूर्ण संरक्षण देणे हेच धर्माच्या आणि विद्येच्याही हिताचे आहे.