शेजारची खुर्ची

रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७४ साली एका काल्पनिक यंत्राविषयी विचारलं होतं. हवा तो अनुभव हुबेहूब देणारं यंत्र. आत गेल्यावर आपण यंत्रात आहोत हे आठवणारसुद्धा नाही. तुम्ही जाल का? त्याचं म्हणणं असं की आपण जाणार नाही. कारण आपल्याला नुसता अनुभव नको असतो, ती गोष्ट खरोखर घडायला हवी असते.

आता तसं यंत्र जवळजवळ आलं आहे. २०१६ साली सुरू झालेली अमेरिकेतली ‘रेंडेव्हर’ ही कंपनी वृद्धनिवासांना आभासी वास्तवाचे चष्मे पुरवते. चष्मा चढवला की दूरचा समुद्र दिसतो, नाहीतर लहानपणची गल्ली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मात्र हे चित्र आहे याचं भान राहीलच असं नाही. नोझिकने निदान आधी विचारलं तरी होतं.

अनुवादक म्हणून मला हा प्रश्न ओळखीचा वाटतो. मल्याळम कादंबरी वाचतोय असं वाचक म्हणतो, तेव्हा हातात माझं मराठी असतं. तरी ती फसवणूक नव्हे. मध्ये कुणीतरी आहे हे त्याला ठाऊक असतं. चष्मा लावणाऱ्याला ते ठाऊक नसेल, तर सांगायची जबाबदारी लावून देणाऱ्यावर येते. विचारलं तितक्या वेळा सांगावं, ‘हे चित्र आहे.’ ‘विसरणारच आहे, मग कशाला सांगायचं?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. खरं सांगणं हा त्या क्षणी समोरच्याला दिलेला मान असतो. तो लक्षात राहण्यावर अवलंबून नाही.

टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९९७च्या ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’मध्ये म्हटलं, की माणूसपण नात्यांतून, इतरांकडून मिळतं. रुग्णाला गप्प बसवण्यासाठी केलेली फसवणूक ते हिरावून घेते. ही कसोटी चष्म्यालाही लावता येते. तो गप्प करण्यासाठी आहे, की बोलतं करण्यासाठी? ‘रेंडेव्हर’मध्ये अनेकांना एकाच वेळी एकच दृश्य दाखवता येतं. मग ‘ते बघ’ म्हणायला कुणीतरी असतं. नोझिकच्या यंत्रात माणूस एकटाच होता.

पण आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. या आजारात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. माझी मावशी वाईची, पन्नास वर्षं बडोद्यात. तिची गुजराती गेली. उरली ती माहेरची मराठी. तिची काळजी घेणारी बाई प्रेमळ आहे, पण तिला मराठी येत नाही. उद्या मावशीला चष्म्यातून कृष्णेचा घाट दाखवला, तर ती भरभरून बोलेल. ऐकणार कोण? आणि चष्मा उतरल्यावर तिने घाट शोधायला सुरुवात केली तर?

यंत्र घाट आणून देईल, घाटावरची माणसं नाही. म्हणून चष्म्याच्या किमतीची चौकशी करण्याआधी शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार, किती वेळ आणि कोणत्या भाषेत बोलणार, हे घरात ठरायला हवं. खुर्ची रिकामीच राहणार असेल, तर मी चष्मा घेणार नाही. आणि तिथे कुणी बसणार असेल, तर एखादे दिवशी वाईचा जुना फोटोही पुरेल.