फाल्गुनातले अड्यार, परसातला मोगरा आणि त्याग

आपल्यापैकी बहुतेकांनी अड्यार पाहिले आहे ते डिसेंबरअखेरीस. अधिवेशनाचे दिवस, सकाळची सर्वधर्मीय प्रार्थना, भोजनशाळेतली रांग, ग्रंथखरेदी आणि परतीच्या गाडीची घाई. एवढ्या गडबडीत त्या आवाराकडे निवांत पाहायला सवड कोणाला असते? 'स्कूल ऑफ द विज्डम'च्या वर्गासाठी किंवा इतर काही कामानिमित्त जे फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे राहिले, त्यांना मात्र निराळेच अड्यार भेटते. आंब्याच्या मोहोराला बारीक कैऱ्या धरलेल्या असतात. करंजाला कोवळी, चकचकीत पालवी फुटू लागलेली असते. कोकिळेचा आवाज पहाटेच सुरू होतो. थोड्या दिवसांनी कडुनिंबाची पांढरी फुले वाटेवर सांडू लागतात. समुद्राचा वारा अजून सुखद असतो आणि दुपारचा उकाडा 'येतो आहे' असे नुसते सांगून जातो. चेन्नईला वसंत असतोच कुठे, असे म्हणणाऱ्यांनी या दिवसांत नदीच्या बाजूने एक फेरी मारावी.

ऋतू पालटण्याच्या अशाच दिवसांत, २३ फेब्रुवारी १८८५ रोजी, दामोदर मावळणकर अड्यार सोडून निघाला. मराठी सभासदांना तो आपला वाटतो. अहमदाबादला १८५७ मध्ये जन्मलेला कऱ्हाडे ब्राह्मण घरातला मुलगा. १८७९ मध्ये मुंबईत सोसायटीचा सभासद झाला, घर सोडून संस्थापकांकडे राहायला आला, 'द थिऑसॉफिस्ट' मासिकाच्या व्यवस्थेत रात्रंदिवस राबला. जात सोडल्याचे त्याने उघड लिहून टाकले. लहानपणीच लग्न झाले होते. वडिलोपार्जित मालमत्तेतला आपला वाटा त्याने सोडून दिला आणि पत्नीचा सांभाळ वडिलांच्या घरी होईल अशी व्यवस्था केली. अड्यारहून तो समुद्रमार्गे कलकत्त्याला गेला, तिथून दार्जिलिंगला, आणि एप्रिलमध्ये, चैत्र सरता सरता, सिक्कीमच्या वाटेला लागला. हमाल परत आले, तो आला नाही. तेव्हा त्याचे वय होते सत्तावीस.

ही गोष्ट आपण सारे जण आदराने सांगतो, आणि सांगावीही. पण तिचा एक उपयोग मला खटकतो.

काही दिवसांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गात एका ज्येष्ठ भगिनींनी मनातले बोलून दाखवले. होळी झाली की त्या गावच्या घरी जातात आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत तिथेच राहतात. परसात मोगरा, जास्वंद, दोन कलमी आंबे, आळूचे वाफे. नातवंडे परीक्षा संपल्या की येतात. मग अंगणात कुरडया, सांडगे, पापड. गव्हाच्या गरम चिकाची वाटी घेऊन मुले पायरीवर बसतात. त्या म्हणाल्या, "पहाटे ध्यानाला बसते, पण कान मोगऱ्याच्या वाफ्याकडे असतो, पाणी सोडलेलं बंद केलं की नाही ते. पोरं उठली की माझं ध्यान संपलंच. आणि खरं सांगू का, मला त्याचं वाईटही वाटत नाही. इतका जीव गुंतलाय, म्हणजे मी मागेच राहिले ना?" यावर एका बंधूंनी त्यांना दामोदरचे उदाहरण दिले. त्या गप्प झाल्या.

त्यांना गप्प करण्याचे काही कारण नव्हते असे मला वाटते.

पहिली गोष्ट, दामोदरने स्वतःला लावलेले माप दुसऱ्याला लावणे यात दामोदरचा मान राहत नाही. मॅडम ब्लाव्हाट्स्कींच्या 'की टू थिऑसॉफी' (१८८९) या ग्रंथात सामान्य सभासदाने विवाह टाळावा किंवा संसार सोडावा अशी कोणतीही अट नाही. घरच्या कर्तव्यांना त्या कमी लेखत नाहीत. गुप्तविद्येच्या प्रत्यक्ष साधनेत उतरू पाहणाऱ्या शिष्यासंबंधी मात्र त्यांनी अन्यत्र फार कडक लिहिले आहे; कौटुंबिक प्रेमसुद्धा तिथे आड येते, असे. ही दोन दारे वेगळी आहेत. आपण बहुधा पहिल्या दारातून आत येतो आणि दुसऱ्या दारावरची पाटी वाचून एकमेकांना घाबरवतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्यांनी सोडले त्यांना त्या गोष्टींची गोडी नव्हती, असा आपला एक समज असतो. अड्यारचाच इतिहास पाहा. कर्नल ऑल्कॉट मूळचे शेतीतले. तरुणपणी त्यांनी न्यू यॉर्कजवळ शेतीची शाळा चालवली आणि १८५७ मध्ये, म्हणजे दामोदर जन्मला त्याच वर्षी, एक पुस्तक लिहिले, तेही गोड ज्वारीवर! आपल्या सोलापूर-मराठवाड्याच्या बांधवांना हे वाचून आनंद व्हावा. पुढे ते भारतात आले तेव्हा मागे दोन मुलगे होते. १८८२ च्या डिसेंबरात अड्यारची जागा राहती झाली तेव्हा ती होती सत्तावीस एकर, हडलस्टन गार्डन्स नावाची. मद्रासेत तेव्हा झाडीतल्या अशा बंगल्यांना 'गार्डन' म्हणण्याची रीतच होती. त्या जागेत हा माणूस चोवीस वर्षे रमला, बांधत राहिला, आणि १७ फेब्रुवारी १९०७ रोजी तिथेच त्यांनी देह ठेवला. 'अड्यार दिन' आपण त्याच तारखेला पाळतो.

आणि डॉ. ॲनी बेझंट. पतीपासून त्या वेगळ्या झाल्या तेव्हा मुलगा त्याच्याकडे राहिला, मुलगी मेबल त्यांच्याकडे. १८७८ मध्ये, आई नास्तिक आहे आणि नको त्या विषयांवर लिहिते म्हणून, न्यायालयाने ती लहान मुलगीही त्यांच्यापासून काढून घेतली. त्या न्यायालयात भांडल्या, हरल्या, आजारी पडल्या. पुढे मोठी झाल्यावर दोन्ही मुले आपणहून आईकडे आली. अधिवेशनात ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो त्या बाईंना लेकीचा पापा किती मोलाचा होता, हे लक्षात ठेवले तर त्यांच्या त्यागाबद्दल बोलताना आपला आवाज जरा बदलेल. ज्याला गोडी कळली त्याच्याच सोडण्याला काही वजन असते. आपल्यापैकी काहींनी तर काही सोडलेले नसते. त्यांचे फक्त लक्ष नसते. व्याख्यान विश्वबंधुत्वावर आणि घरी पत्नीने भाजीत काय घातले होते हे विचारले तर सांगता येत नाही. याला कोणी वैराग्य म्हणू नये.

मग अडथळा कशाचा असतो? अड्यारच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये ज्या मुलाकडे सर्वांचे लक्ष गेले त्या कृष्णमूर्तींनी पुढे आयुष्यभर एक भेद निरनिराळ्या तऱ्हेने मांडला. एखादा क्षण आनंदाचा असतो, तोवर काही बिघडलेले नसते. 'हे पुन्हा हवे' असा विचार आला की त्याच आनंदाचे भोगात रूपांतर होते, आणि भोगामागोमाग भीती येते. बागेत काम करणाऱ्याला हे तत्त्वज्ञान न वाचताही ठाऊक असते. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दुपारी तपकिरी पडते. तिला कोणी थांबवू शकलेले नाही. शिवाय हा बहर फुकट येत नाही. थंडीत मोगऱ्याचे पाणी तोडावे लागते. आपले शेतकरी याला बागेला 'ताण देणे' म्हणतात. मग छाटणी करायची, माती मोकळी करायची, खत घालायचे, आणि त्यानंतर पाणी. जिवापाड जपलेल्या झाडावर कात्री चालवताना हात अडखळतो. पण ज्याचा हात अडखळून थांबतो त्याच्या झाडाला पाने फार येतात आणि फुले थोडी. नातवंडांचेही असेच. जूनमध्ये शाळा सुरू होतात, घर एका दिवसात रिकामे होते, आणि दोरीवर राहून गेलेला एक छोटा सदरा कोणीतरी घडी करून ठेवतो. हे दर वर्षी सहन करून पुढच्या होळीला पुन्हा आनंदाने सांडग्यांची डाळ भिजत घालणारी बाई कोणत्या साधकापेक्षा मागे आहे?

'ॲट द फीट ऑफ द मास्टर' (१९१०) आपण अभ्यासवर्गात कितीदा वाचतो. त्यात सदाचाराची सहा अंगे सांगितली आहेत आणि ती आपल्या वेदान्तातल्या षट्संपत्तीशी जुळतात: शम, दम, उपरती, तितिक्षा, समाधान, श्रद्धा. गंमत अशी की तितिक्षेच्या जागी, म्हणजे आपण ज्याला सोसणे म्हणतो त्या जागी, त्या पुस्तकात प्रसन्नता आहे. हे भाषांतर सैल आहे, असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की ते मुद्दाम तसे आहे. तोंड पाडून सोसणे ही अर्धीच तितिक्षा. पाडव्याला आपण कडुनिंबाची पाने गुळाबरोबर खातो. तमिळ घरांत एप्रिलमध्ये नववर्षाला कैरी आणि गुळाच्या पचडीत कडुनिंबाची फुले घालतात. दोन्हीकडे कडू आणि गोड एकाच घासात असते, आणि तो घास आधी मुलांच्या हातावर ठेवला जातो.

मराठी माणसाला यासाठी लांब जायला नको. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी १२९५ मध्ये समाधिस्थ झाले. पंढरपूर तिथून फार लांब नाही, पण मळा सोडून ते वारीला गेले नाहीत. भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला, असे परंपरा सांगते. इतर संतांच्या पालख्या पंढरीला जातात. सावतोबांसाठी पांडुरंगाची पालखी अरणला येते. दामोदर हिमालयाकडे गेला आणि सावता वाफ्यात राहिले. यांतला पुढे कोण, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ईशोपनिषदाने पहिल्याच मंत्रात त्याग आणि उपभोग शेजारी शेजारी बसवले आहेत. आपणच त्यांना दोन आश्रमांत वाटून टाकले.

तरीही त्या भगिनींच्या प्रश्नाला 'काही काळजी करू नका' एवढेच उत्तर देऊन मी मोकळी होणार नाही. घरच्या सुखाला एक खरा धोका असतो, आणि तो ध्यान मोडण्याचा नव्हे. या सुखाला कुंपण असते. 'माझी' मुले, 'माझ्या' झाडाच्या कैऱ्या. चैत्रगौरीचे हळदीकुंकू हा वसंतातला किती देखणा सोहळा! आंब्याची डाळ, पन्हे, कलिंगडाच्या फोडी, मोगऱ्याचे गजरे. आणि याच सोहळ्यात शेजारच्या विधवा बाईला बोलावणे जात नसे. अनेक घरांतून अजूनही जात नाही. अंगणात वाळवणे घालू लागणाऱ्या बाईच्या मुलाला चिकाची वाटी मिळते का, आणि मिळाली तर ती घरच्या मुलांच्या वाट्यांपैकीच असते का? आपला पहिला उद्देश जात, लिंग, वर्ण यांचा भेद न करता बंधुत्वाचा. त्याची परीक्षा अधिवेशनाच्या मंडपात होत नाही, ती इथे होते. ज्या ऑल्कॉट साहेबांना बागेची इतकी आवड होती त्यांनीच १८९४ मध्ये अड्यारला अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. गोडी कुंपणाबाहेर जाते की नाही, एवढेच त्या भगिनींनी स्वतःला विचारावे. ध्यानातल्या मोगऱ्याचे मला काही वाटत नाही.

दामोदरच्या गोष्टीत त्याच्या पत्नीला आपण एक वाक्य देतो, तेही व्यवस्था लावून दिल्याचे. नवरा सासरच्या घरात नाही, माहेरी परत जाण्याची रीत नाही, आणि चैत्र तर दर वर्षी येतच होता. त्याने आपला वाटा सोडला तेव्हा तिचाही वाटा सुटला. तिचा त्याग कोणी मोजला नाही, म्हणून तो लहान होत नाही. त्यागाचे उदाहरण द्यायचेच असेल तर दोघांचे द्यावे, असे मी त्या बंधूंना म्हटले. त्यांनी थोडा विचार केला आणि मान्य केले.

अड्यारच्या आवारात दामोदर गार्डन्स नावाचा भाग आहे. अनेक वर्षे तिथे झाडांच्या सावलीत मुलांची शाळा भरत असे. आमच्या भगिनी यंदाही होळीनंतर गावी निघाल्या आहेत. अभ्यासवर्गातून दोन महिन्यांची सुट्टी त्यांनी मागून घेतली आहे. हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलवायचे याची यादी त्या आत्तापासून करत आहेत, आणि ती मागच्या वर्षीपेक्षा लांब झाली आहे.