मुक्कामावरील ऊन पाणी

सुखोपभोगाविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, रानावनात जाणाऱ्याने देहाचे लाड घरीच ठेवून यावेत. दुसरा पक्ष विचारतो की, ऐपतीप्रमाणे सुख भोगण्यात पाप कसले? नोकरीनिमित्त मुलखाबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींना हा वाद केवळ तात्त्विक नाही. वनखात्याचा दौरा असो, भूवैज्ञानिकांची पाहणी असो, वा रजेतील हिमालयाची भटकंती असो. तंबूत मुक्काम पडला आणि पहाटेचा गारठा हाडांत शिरला की ऊन पाण्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ही गरज भागविणारे एक सुटसुटीत यंत्र आता मिळते. हाती उचलून नेण्याजोग्या पेटीत नळीचे वेटोळे, त्याखाली ज्योत आणि बाजूस प्रोपेनची टाकी. पाणी वाहू लागले की ठिणगी पडून ज्योत पेटते, थांबले की विझते. आपल्या न्हाणीघरातील तांब्याच्या बंबाचे हे दूरचे नातलगच. बंबात पाणी विस्तवाभोवती साठून राहते, येथे ते ज्योतीवरून वाहत जाते, इतकेच. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होण्याचे नाकारतो, प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत साथ देतो. म्हणून बर्फाळ मुक्कामी प्रोपेनचे महत्त्व.

हे सुख निर्दोष मानावे काय? प्रथम हिशोब पाहू. पंधरा लिटर पाणी 10 अंशांवरून 40 अंशांवर आणण्यास सुमारे 50 ग्रॅम वायू पुरतो. उघड्या चुलीवर तेवढ्याच पाण्यास किलोभर लाकूड सहज जळते. नेपाळातील अन्नपूर्णा परिसरात प्रवाशांच्या स्वयंपाकासाठी व स्नानासाठी अरण्याचा फार मोठा भाग चुलीत गेला. 1986 साली सुरू झालेल्या तेथील संवर्धन प्रकल्पाने लाकडाऐवजी रॉकेल, वायू आणि सूर्याची उष्णता यांच्या वापराचा पुरस्कार केला, तो यासाठीच. तेव्हा झाडांपुरता विचार केल्यास या यंत्रास दोष देता येणार नाही.

परंतु झाडांहून जवळचा एक जीव मुक्कामावर असतो. चढणीवर ती टाकी पाठीवरून आणणारा हमाल, ओढ्यावरून पाणी भरणारा गडी, रात्री राहुटीबाहेर पहारा करणारा शिपाई. साहेबांचे स्नान ऊन पाण्याने होते. ही माणसे मात्र ओढ्यावर तोंड धुऊन कामाला लागतात. कोणी हटकले तर उत्तर ठरलेले असते, 'त्यांना सवय असते.' सवय हा शब्द आपण बहुधा दुसऱ्याच्याच थंडीविषयी वापरतो. वायू अपुरा पडेल ही सबबही टिकत नाही. पाच किलो वायूच्या टाकीत वरील हिशोबाने शंभराच्या आसपास स्नाने होतात. दहा माणसांचा तळ दहा दिवस न्हाऊ शकेल. वाण वायूची नसून मनाची असते, हे एवढ्या साध्या गणिताने उघडे पडते.

मग आपणही थंड पाण्यानेच स्नान करावे, असे विरक्त पक्ष म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. चार दिवसांनी बंगल्यावर परतणाऱ्याने सोसलेला गारठा हे व्रत होय. हमालाचा गारठा हे व्रत नव्हे, कारण तो त्याने निवडलेला नसतो. आपण कुडकुडल्याने त्याच्या अंगी ऊब येत नाही. येथे त्यागापेक्षा वाटणीची गरज अधिक आहे.

आणि वाटणी म्हणजे केवळ बादलीभर पाणी नव्हे. त्यासोबत ज्ञानही वाटले पाहिजे. बंद तंबूत ही ज्योत पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. न्हाणारा शुद्ध हरपून जागीच प्राणास मुकतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरनेही अशा रीतीने माणसे दगावली आहेत. थंडी वाजते म्हणून कनाती ओढून घेणे हे स्वाभाविकच. म्हणून यंत्र ज्याच्या हाती द्यावयाचे, त्यास ते उघड्यावरच पेटवावे हे त्याच्या भाषेत समजावून सांगणे हे देणाऱ्याचे कर्तव्य ठरते. तसेच साबणाचे पाणी ओढ्यापासून दोनशे फूट तरी दूर सांडावे. खालच्या गावातील बाया तेच पाणी पिण्यास भरतात.

सुख स्वतः ना पुण्य ना पाप. त्याचा भार कोणी वाहिला आणि त्याचा वाटा कोणास मिळाला, यावर त्याची नीती ठरते. पुढील मुक्कामी स्नानाचा क्रम लावताना, टाकी वाहून आणणाऱ्याचा क्रमांक कितवा लागतो, एवढे वाचकांनी अवश्य पाहावे.