शतकाच्या घरात कोण?

लालबाग-परळमध्ये गणपतीच्या वर्गणीची पावती १०१ची फाडतात. चौथीतलं पोरही तिची फोड सांगेल: १०० + ० + १. दोन्ही एक दर्शनी किमतीला सारखेच, तरी एकाचे शंभर होतात आणि दुसरा एकच राहतो. हे शंभरपण आकड्याचं की घराचं? प्रश्न शाळकरी वाटतो, पण शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात नेमका हाच दाखला घेतला आहे. संबंध हा वस्तूहून वेगळा पदार्थ आहे, असं वैशेषिक दर्शनाचे पंडित म्हणतात. आचार्य ते खोडून काढतात. एकच रेघ जागेप्रमाणे एक, दहा, शंभर, हजार म्हणवते आणि एकच देवदत्त बाल, तरुण, म्हातारा, बाप, जावई म्हणवतो. नावं बदलली म्हणून वस्तू वाढत नाहीत.

गंमत अशी, की देवदत्ताच्या त्याच यादीत ‘ब्राह्मण’ही आहे. जन्मतः कुणी जावई नसतो आणि तारुण्य तर ओसरतंच. मग या रांगेतली ही ओळख जन्माला चिकटलेली का? याच भाष्याच्या पहिल्या अध्यायातल्या अपशूद्राधिकरणात मात्र शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला आहे. दाखला तर्कापुरता होता, त्यात समाज कशाला ओढता, असं कुणी म्हणेल. पण रेघेशेजारी हाडामांसाचा माणूस आचार्यांनीच उभा केला.

दुसरा आक्षेप जड आहे. वरची-खालची घरं नसतील तर संख्याच लिहिता येणार नाही, तसा उतरंडीवाचून समाज चालणार नाही. घरं लागतात, हे कबूल. पण दशमान पद्धत चालते ती दहांपैकी कोणताही अंक कोणत्याही घरात बसू शकतो म्हणून. शतकाचं घर एकाच्या वंशाला राखून ठेवलं तर २०० लिहिणार कसे? परळच्या बीआयटी चाळीत राहिलेल्या आणि पुढे दादरच्या राजगृहात आलेल्या डॉ. आंबेडकरांनी लाहोरचं न होऊ शकलेलं भाषण १९३६मध्ये छापलं. जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हा त्यातला मुद्दा इथे चपखल बसतो. उरलं मधलं शून्य. ते काढलं तर १०१चे ११ होतात, म्हणून त्याच्या सेवेचे गोडवे गायले जातात. पण गणितातल्या त्या घरात उद्या सातही बसतो आणि १७१ होतात. गोडवे गाणारे ते होऊ देतील का, एवढंच त्यांना विचारावं.